थीम पार्क आणि क्रूझ एकाच सहलीत: सासू-सासरे आणि लहान मुलं बरोबर असताना कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून सहा जण निघणार. तुम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले सासू-सासरे. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीचं इमॅजिका आणि मुंबईहून गोव्याची क्रूझ, दोन्ही करायचं आहे. आधी काय, नंतर काय, आणि म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?

ताई, झेपेल. पण पार्क आधी, बोट नंतर. ट्रॅव्हलवाल्याने उलटं लावून दिलं असेल तर बदलून घ्या. पार्कात दिवसभर पायांवर उभं राहायचं असतं, रांगा असतात, ऊन असतं. बोटीवर चढलं की खोली आपली, जेवण चार पावलांवर, म्हाताऱ्यांना हवं तेव्हा आडवं होता येतं. दमणूक आधी आणि आराम मग, हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: बोट कुणासाठी थांबत नाही. आपल्याकडच्या रात्रीच्या गाड्या उशिरा पोचणं नवं नाही. जळगावला रात्री बसून दुसऱ्याच दिवशी बोट गाठायची म्हणजे जिवाला घोर. पार्क आधी ठेवलं की तुम्ही दोन दिवस अगोदरच त्या भागात असता, गाडी तीन तास लेट झाली तरी बिघडत नाही.

आता जायचं कसं. बहुतेक लोक मुंबईपर्यंत जातात आणि तिथून उलटे खोपोलीला येतात. तसं करू नका. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती-मुंबई एक्स्प्रेस अशी रात्रीची गाडी जळगावला धरा आणि पहाटे कल्याणला उतरा. तिथून खोपोलीची लोकल मिळते. थेट नसली तर कर्जतची घ्यायची आणि कर्जतला बदलायची. सकाळी सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने धावत असते, कर्जतकडे जाणाऱ्या डब्यात सासूबाईंना बसायला जागा मिळते. स्वतःची गाडी असेल तर धुळे, मालेगाव, नाशिक करून इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढा. २०२५च्या जूनपासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे आणि जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. तरी गाडी नेली तर ती बोटीवर जाताना मुंबईत कुठे ठेवायची, हा प्रश्न उरतोच. मी रेल्वेच म्हणेन.

पोचलात त्या दिवशी पार्कात जाऊ नका. रात्रभर गाडीत अर्धवट झोपलेली मुलं दुपारी दोनला रडायला लागतात आणि तिकिटाचे पैसे वाया जातात. त्या दिवशी महडचा वरदविनायक करा, खोपोलीपासून जवळ आहे. इमॅजिका ज्या खोपोली-पाली रस्त्यालगत आहे, तोच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराकडे जातो. म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती या सहलीच्या वाटेवरच आहेत, आणि ट्रॅव्हलवाले हे सांगत नाहीत.

याचाच पुढचा उपयोग असा की पार्कच्या दिवशी सहाही जणांनी आत गेलंच पाहिजे असं नाही. 'सगळे मिळून' हा आपल्या घरांचा हट्ट असतो. पण ज्यांना एकाही झोक्यात बसायचं नाही त्यांचं पूर्ण तिकीट काढून त्यांना बाकावर पिशव्या राखायला बसवणं मला पटत नाही. सासऱ्यांना विचारा. रिक्षा किंवा गाडी ठरवून त्यांनी दोघांनी पाली करावं, दुपारी हॉटेलवर येऊन पडावं. त्यांना आत यायचंच असेल तर ज्येष्ठांच्या सवलतीच्या तिकिटाची चौकशी करा आणि त्यांच्यासाठी बसून बघायच्या गोष्टी आधी हेरून ठेवा. 'आय फॉर इंडिया' मध्ये पडद्यासमोर खुर्चीत बसून देशावरून उडाल्यासारखं वाटतं, ते बहुतेक आजी-आजोबांना आवडतं. पाय लोंबकळतात एवढं मात्र आधी सांगा, नाहीतर ऐनवेळी "मना जीव घाबरस" सुरू होतं. पाठीचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांनी दारावरची पाटी वाचूनच आत जावं.

मुलांचं खरं भांडण उंचीवरून होतं. राइडच्या दारात खूण असते, तिच्या खाली डोकं आलं की वय काहीही असो, आत सोडत नाहीत. तुमची धाकटी साधारण १०५-११० सेंटीमीटरची असेल. म्हणजे 'नायट्रो' रोलर कोस्टर तिच्यासाठी नाहीच, आणि मोठ्याचंही काठावर असू शकतं. निघण्यापूर्वी घरी चौकटीला उभं करून दोघांची उंची मोजा, पार्कच्या संकेतस्थळावरची यादी समोर ठेवा आणि कशात बसता येईल, कशात नाही, ते मुलांना घरीच सांगून टाका. रांगेत पाऊण तास उभं राहून परत फिरवलेल्या मुलाची समजूत कुठलंही आइस्क्रीम काढू शकत नाही. बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. तेव्हा ते मोजमाप दोन्हीकडे कामाला येतं.

दार उघडायच्या वेळी हजर राहा आणि सगळ्यात मोठी रांग लागणारी राइड पहिल्या तासात उरका. लोक आत शिरले की फोटो काढत दारापाशीच रेंगाळतात, तोवर आतला भाग मोकळा असतो. एकाने मोठ्याबरोबर जायचं, दुसऱ्याने धाकटीला सांभाळायचं, मग अदलाबदल. नाश्ता हलका ठेवा. रोलर कोस्टरच्या आधी पोटभर मिसळ खाल्ली तर ती वर येणार. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा. जलद प्रवेशाचा पास घ्यायचा का? दिवाळीच्या गर्दीत मोठ्या मुलासाठी एखादा परवडतो, सगळ्यांसाठी मुळीच नाही. आणि दिवस निवडताना भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार बघा.

उन्हाबद्दल आपल्याला एक गैरसमज असतो. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या माणसाला कोकणातलं ऊन काय करणार, असं वाटतं. पण आपल्याकडे हवा कोरडी, घाम आला तसा उडून जातो. खोपोलीकडे हवा दमट असते. घाम अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही आणि थकवा लवकर येतो. ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या, मुलांना तहान लागायची वाट न बघता पाणी पाजत राहा.

वॉटर पार्कही करायचं असेल तर कपड्यांचं बघा. सुती कपडे, साडी, जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात. तिथे भाड्याने मिळतात, पण भाडं आणि अनामत धरली तर जळगावच्या फुले मार्केटमधून नवे घेतलेले बरे. मात्र थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात कोंबू नका, एकही धड होत नाही. (जाता जाता: कुणी एस्सेलवर्ल्ड सुचवलं तर ते २०२२ मध्ये बंद झालंय. शेजारचं वॉटर किंगडम चालू आहे.)

खोपोलीहून बोटीकडे जाताना मोठी गाडी करा. एक्स्प्रेसवेने येऊन अटल सेतूवरून शिवडीला उतरा. जवळपास २२ किलोमीटरचा पूल आहे, त्यातला बराचसा समुद्रावर. टोल पडतो, पण मुलांना तीही एक राइडच. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ. बोट संध्याकाळी सुटत असली तरी दुपारीच हजर व्हायचं असतं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंही. आधार कार्डावर सासूबाईंचं नाव एक आणि तिकिटावर दुसरं, असं आपल्या घरांत हमखास असतं. बुकिंग करतानाच कार्डं समोर ठेवा. ऑनलाइन चेक-इन घरूनच करून घ्या.

सामानाची तपासणी विमानतळासारखी होते. दारू चालत नाहीच, पण इस्त्री, विजेची किटली आणि पूजेची निरांजन, अगरबत्ती, काडीपेटी हेही नेऊ नका. बोटीवर उघडा विस्तव चालत नाही. सासूबाईंना हे आधी सांगितलेलं बरं. मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीवर यायला वेळ लागतो, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, मुलांच्या कपड्यांचा एक जोड आणि चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा.

बोटीकडून अपेक्षा काय ठेवायची? व्हिडिओत पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या वीस मजली बोटी दिसतात, तशी ही नाही. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' बोट १९९० सालची, आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होती. अकरा डेक म्हणजे मजले, साधारण १,८०० प्रवासी. आपल्याला तेवढी पुरते. उलट फार मोठ्या बोटीवर म्हाताऱ्यांना स्वतःची खोली सापडत नाही. जेवणात शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं.

पैशांत मुख्य चौकशी ही करा: सांगितलेल्या रकमेत कर, बंदर शुल्क आणि कर्मचाऱ्यांची सेवा रक्कम धरली आहे का? एजंट बहुतेक नुसतं भाडं सांगतात. नेहमीचं जेवण भाड्यात असतं. दारू, वाय-फाय, स्पा, काही खास खेळ आणि किनाऱ्यावरची भटकंती वेगळी. किनारा सुटला की मोबाइलला रेंज राहत नाही, तेव्हा शेतावर किंवा दुकानात ज्याच्यावर काम सोपवलंय त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत सासरे डेकवर फोन हवेत धरून फिरतील.

खोल्यांत मी असं करीन: तुम्हा चौघांना आतली, बिनखिडकीची खोली, आणि सासू-सासऱ्यांना खिडकीची. मुलं खोलीत थांबतच नाहीत, म्हातारी माणसं थांबतात, समुद्र त्यांना दिसू द्या. दोन्ही खोल्या शक्यतो बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर मागा, तिथे हलणं कमी जाणवतं. मळमळीसाठी डॉक्टरांना विचारून अॅव्होमिनसारखी गोळी आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग कमी. सासू-सासऱ्यांच्या चालू औषधांबरोबर ती चालते का हे नक्की विचारा, गुंगीही येते. उपाशी राहू नका, आलेपाक चघळा, डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे बघा. आणि कुणाला पाण्याची फारच धास्ती असेल तर त्याआधी मुंबईला कधी जाणं झालं, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या-माणसं नेणारी बोट, करून बघा. तासाभराचा प्रवास आहे, माणूस कसा राहतो ते कळतं.

बोट सुटण्याआधी लाइफ जॅकेटचा सराव असतो, तो टाळू नका. सराव चालू असताना आपल्या डेकची आणि जिन्याची जागा मुलांच्या लक्षात आणून द्या. डेकवर कठड्यापाशी पाच वर्षांच्या पोरीचा हात सोडायचा नाही, तिथे कुणाच्या भरवशावर राहू नका.

ट्रॅव्हलवाला सिंगापूरचं पॅकेज दाखवतोय म्हणालात. वाईट नाही, पण पहिल्याच सहलीला नको. सगळ्यांचे पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवेत, मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. बोट मध्ये पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येत असेल तर सिंगापूरचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे बघावं लागतं. आधी घरच्या समुद्रावर कोण कसं टिकतं ते कळू द्या.

शेवटची गोष्ट परतीची. वेळापत्रकात मुंबई-गोवा एकमार्गी फेरी असेल तर तीच घ्या, परत बोटीने मुंबईला येऊ नका. बोट मुरगाव बंदराला लागते आणि वास्को स्टेशन तिथून जवळच आहे. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस दुपारी सुटते आणि पुणे, मनमाड करून दुसऱ्या दिवशी भुसावळला आणून सोडते. गाडी बदलायची नाही, मुंबईची धावपळ नाही. बोटीवरून उतरायला आणि बॅगा मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशीची गाडी धरण्यापेक्षा एक रात्र वास्कोला थांबा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत ते पहिल्याच दिवशी भरतं. बोटीची तारीख नक्की झाली की त्यावरून दिवस मोजा आणि सकाळी आठला तिकिटाला बसा, सासू-सासऱ्यांच्या खालच्या बर्थसकट.