पहिल्या प्रॅक्टिकलला साधा पाईपच घ्या

CFD (द्रव-वायूंचा प्रवाह संगणकावर सोडवणं) शिकवताना विमानाचा पंख नंतर. आधी विद्यार्थ्यांकडून 20 मिमी व्यासाच्या पाईपमधला पाण्याचा लॅमिनार (शांत, थराथरांनी वाहणारा) प्रवाह सोडवून घ्या. सरासरी वेग 0.01 मी/से ठेवला की रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहातल्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) साधारण 200 येतो. मध्यावरचा वेग 0.02 मी/से आणि दाबातली घट मीटरला 0.8 पास्कल, हे कागदावर आधी काढायला लावा. सॉफ्टवेअर नंतर उघडू दे.

सॉफ्टवेअरचं उत्तर कागदाशी जुळलं नाही तर बहुतेक वेळा पाईप आखूड असतो. प्रवाह पूर्ण विकसित व्हायलाच (म्हणजे पुढे वेगाची मांडणी बदलत नाही) सुमारे 24 सेंमी लागतात, म्हणून लांबी अर्धा मीटर घ्या आणि दाबाचा उतार शेवटच्या 20 सेंमीत मोजा. टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळत्या प्रवाहासाठीची समीकरणं) चुकून चालू राहिलंय का, तेही बघा. त्रिज्येवर 5, 10, 20 सेल (गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे; त्यांची जाळी म्हणजे मेश) घेऊन तीनदा चालवा. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली आले म्हणजे उत्तर बरोबर, हा (फार चिवट!) गैरसमज 5 सेलच्या मेशवरच सुटतो: रेसिड्युअल छान उतरतात, दाबातली घट मात्र जुळत नाही.