जुन्या डिजिटल घड्याळांचे कोरे डिस्प्ले: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: काकांनी मस्कतहून आणलेलं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आहे, कपाटात पडून होतं. नवीन सेल टाकला तरी डिस्प्ले कोराच. दुकानदार म्हणाला मशीन गेलंय, फेकून द्या. खरंच गेलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: फेकू तर अजिबात नका. हे मॉडेल १९८९ पासून निघतंय, आत एकच सीआर२०१६ सेल आणि सर्किट साधं, चिवट, त्यामुळे मशीनच जळलंय असं फार क्वचित होतं. आधी नवा सेल मल्टीमीटरवर बघा, ३ व्होल्टच्या वर दाखवायला हवा, कारण दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला सेल पाकिटातून नवाकोरा निघाला तरी उतरलेला असू शकतो.

सेल ठीक असेल तर रीसेट करा, आणि नेमकं हेच बरेच जण करत नाहीत. मागचं झाकण उघडलं की सेलजवळ 'एसी' (इंग्रजीत AC) अशी बारीक अक्षरं दिसतील, तिथल्या कॉन्टॅक्टला धातूच्या चिमट्याचं एक टोक लावायचं, दुसरं सेलच्या प्लस बाजूला, दोनेक सेकंद धरायचं आणि सोडायचं. सेल बदलताना आतली चिप कधीकधी मधेच अडकून बसते, ती यानं पहिल्यापासून चालू होते आणि कोऱ्या काचेवर आकडे येतात, खूप घड्याळं एवढ्यावरच जिवंत होतात. झाकण काढताना बारीक स्प्रिंगकडे लक्ष ठेवा. बीपसाठीचा करंट तिच्यातून झाकणाला जातो, ती उडाली की घड्याळ चालू असूनही मुकं होतं आणि मग आवाज नाही म्हणजे मेलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

रीसेट करूनही काही नाही किंवा आकड्यांचे तुकडेच दिसतायत, तर संशय झेब्रा स्ट्रिपवर. सर्किट आणि एलसीडीच्या, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या काचेच्या, मधे रबराची बारीक पट्टी असते, तिच्यात करंट नेणारे आणि अडवणारे थर आळीपाळीनं असतात, म्हणून झेब्रा. काचेवर बोटानं हलका दाब द्या, गेलेला तुकडा दिसायला लागला तर कॉन्टॅक्टचाच प्रॉब्लेम. मॉड्यूल, म्हणजे घड्याळाचं आतलं मशीन, उघडा, स्ट्रिप कुठल्या बाजूनं बसलीय त्याचा आधी मोबाईलवर फोटो घ्या, मग स्ट्रिप, एलसीडीची कड आणि सर्किटवरच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या आणि स्ट्रिप सरळ बसवा, जराशी तिरकी बसली तरी भलतेच तुकडे पेटतात. एक काम मात्र करू नका, एलसीडीला थेट सेलच्या वायरी लावून 'चेक' करणं. एलसीडी उलटसुलट होणाऱ्या करंटवर चालते, सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, मिळाला तर चांगली एलसीडीसुद्धा खराब होते.

प्रश्न: माझ्या जुन्या घड्याळाचा तासाचा बीप वाजतो, लाइटही लागतो, पण आकडे दिसत नाहीत. काच तपकिरी झालीय, उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: वासावरूनच कळतंय, पोलरायझर फिल्म, म्हणजे प्रकाश ठरावीक दिशेनंच जाऊ देणारा एलसीडीवरचा पातळ पापुद्रा, कुजलीय. एलसीडीचे आकडे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पुढची आणि मागची फिल्म असते म्हणून दिसतात. पोलराइज्ड गॉगल एलसीडीसमोर धरून हळूहळू फिरवा, एखाद्या कोनात आकडे अंधुक का होईना उमटले तर घड्याळ वाचलं समजा. पुढची फिल्म कडेपासून सावकाश सोलायची, राहिलेला गोंद अल्कोहोलनं काढायचा, मागच्या चंदेरी थराला हात लावायचा नाही. नवीन फिल्म पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा, नाहीतर बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची काढा. कापायच्या आधी फिरवून बघा, ९० अंश फिरली की काळ्यावर पांढरे आकडे येतात, काहींना मुद्दाम तेच आवडतं, मला मूळचंच रूप ठेवावंसं वाटतं.

प्रश्न: डिस्प्लेच्या कोपऱ्यात काळा डाग पडलाय, तो वाढतोय. काय करता येईल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: काच तडकून लिक्विड क्रिस्टल गळतंय, ते परत भरता येत नाही. त्याच मॉड्यूलचं दुसरं मोडकं घड्याळ मिळवा आणि त्याची एलसीडी बसवा. उन्हात गाडीत राहून अख्खा डिस्प्ले काळा झाला असेल तर गोष्ट वेगळी, गार झाल्यावर तो बहुतेक वेळा आपोआप येतो.

प्रश्न: सासऱ्यांचं १९७० च्या दशकातलं लाल आकड्यांचं पल्सर घड्याळ सापडलंय. नवे सेल टाकले तरी काळंच आहे.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: बटण दाबून बघितलंत ना? या घड्याळांत एलईडी, म्हणजे स्वतः उजळणारे बारीक दिवे, असतात, ते करंट खूप खातात, म्हणून एरवी काच काळीच, बटण दाबलं की वेळ आणि दाबून ठेवलं की सेकंद. पहिलं पल्सर १९७२ मध्ये विकायला आलं तेव्हा सोन्याच्या केसमध्ये २,१०० डॉलरचं होतं, आणि त्या किमतीतही वेळ बघायला बटण दाबावंच लागायचं! दाबूनही अंधार असेल तर सेल कुठले आहेत बघा. अल्कलाइन सेलचं व्होल्टेज एलईडीच्या भारानं खाली येतं, सिल्व्हर ऑक्साइडचेच हवेत आणि दोन्ही एकदम बदला. कॉन्टॅक्टवर हिरवा-पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीनं व्हिनेगर, मग अल्कोहोल. आणि पट्टा बदलायचा विचार असेल तर थांबा. पल्सरच्या पी२ सारख्या मॉडेलला वेळ लावायचं बटणच नाही, पट्ट्याच्या कडीत एक छोटा लोहचुंबक लपवलेला असतो, तो काढून मागच्या खाचेत धरला की तास-मिनिटं पुढे सरकतात.