खांदा दोनदा निखळला, आता ऑपरेशन करावं का?

या वेळी खांद्याबद्दलचीच तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तसा एक तरी मुलगा दर मोसमात माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर असतो.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यात मंडळाकडून कबड्डी खेळतो, स्पर्धांनाही जातो. दिवाळीत साखळी पकड करताना चढाईवाल्यानं झटका दिला आणि माझा उजवा खांदा पुढे निखळला. मैदानावरच एकानं ओढून बसवला. पंधरा दिवस झोळी घातली. नंतर सरावात पुन्हा निखळला. आता शर्ट घालताना हात मागे गेला तरी सटकेल असं वाटतं. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मामांचा खांदा पन्नाशीत निखळला होता, तो व्यायामानं बरा झाला. मला पोलीस भरतीला उतरायचं आहे. काय करू?

उत्तर : मामांचा अनुभव खरा आहे, पण तो पन्नाशीतल्या खांद्याचा आहे. एडिंबराच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खांदा निखळलेल्या १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांवर लक्ष ठेवलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. दोन वर्षांत ५५.७ टक्के खांदे अस्थिर झाले, पाच वर्षांत ६६.८ टक्के. सगळ्यात जास्त धोका तुझ्यासारख्या तरुण मुलांना होता.

आत काय झालंय ते समजून घे. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते आणि तिच्या काठाला कूर्चेची कड असते. साखळीत हात बाजूला ताणलेला असतो. त्याच वेळी तो मागे ओढला गेला की हाडाचा गोळा पुढे सरकतो आणि ती कड हाडापासून सुटते. लंडनच्या बँकार्ट यांनी १९२३ साली याचं वर्णन केलं, म्हणून तुझ्या एमआरआयच्या रिपोर्टवर त्यांचं नाव दिसेल. बाहेर आलेला गोळा खोबणीच्या काठावर दाबला जातो, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला खड्डा पडतो. तो हिल आणि सॅक्स या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांच्या नावानं ओळखला जातो. खांदा पुन्हा पुन्हा निखळत गेला की खड्डा वाढतो आणि खोबणीचा काठही झिजतो. व्यायामानं खांद्याभोवतीचे स्नायू दमदार होतात, गोळा धरून ठेवायला मदत होते. पण सुटलेली कड व्यायामानं पुन्हा जागेवर चिकटत नाही, आणि हे मी व्यायाम शिकवणारी बाईच तुला सांगते आहे.

तरुण आहे म्हणजे ऑपरेशन केलंच पाहिजे, असंही मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये १९७८-७९ साली खांदा निखळलेल्या लोकांना तिथल्या डॉक्टरांनी तब्बल पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासलं. ऑपरेशन न केलेल्या १२ ते २५ वयोगटातले जवळपास निम्मे खांदे एक तर पुन्हा निखळले नव्हते, किंवा काळाबरोबर आपोआप स्थिर झाले होते. एकदाच निखळला असता आणि तू कबड्डी सोडणार असतास, तर मी थांब म्हटलं असतं. पण दोनदा निखळला आहे, अंगावर येणारा खेळ आहे आणि शर्ट घालतानाही भीती वाटते. मी तुझ्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे.

कुठलं ऑपरेशन, हा मात्र त्यांना नीट विचार. साधारणपणे दुर्बिणीतून कड पुन्हा शिवतात. अमेरिकेतले बर्कहार्ट आणि दक्षिण आफ्रिकेतले डी बीअर यांनी २००० साली अशा १९४ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. धक्काबुक्कीचे खेळ खेळणाऱ्यांत, हाड शाबूत असलेल्यांपैकी ६.५ टक्क्यांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला. हाडाचा मोठा तुकडा गेलेल्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होतं! हा आकडा वाचल्यापासून हाड न मोजता ऑपरेशनची तारीख घेऊन आलेला खेळाडू दिसला की मी त्याला परत पाठवते. सीटी स्कॅन करून घे, आणि खोबणीचं हाड किती गेलंय ते टक्क्यांत लिहून माग. फ्रान्समध्ये २००७ साली बाल्ग आणि बोआलो यांनी यासाठी दहा गुणांचा तक्ता केला. वय वीस किंवा त्याखाली, दोन गुण. स्पर्धात्मक खेळ, दोन. धक्क्याचा खेळ, एक. म्हणजे एक्स-रे बघण्याआधीच तुझे पाच झाले. सहाच्या वर गेलास, तर नुसत्या टाक्यांवर भिस्त ठेवू नये असं त्यांचं मत आहे. मग लाटार्जे ऑपरेशनचा विचार होतो. त्यात खांद्याच्या पुढचाच एक हाडाचा तुकडा, त्याला जोडलेल्या स्नायूसकट, खोबणीच्या काठावर स्क्रूनं बसवतात.

आता भरती. ऑपरेशननंतर साधारण महिनाभर झोळी, मग हळूहळू हालचाल, तीन महिन्यांच्या पुढे ताकदीचे व्यायाम, आणि पकड करायला सहा महिन्यांच्या आत नाही. भरतीच्या गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळाही घाईनं हातात घ्यायचा नाही. पट्ट्या बांधून यंदाचं मैदान मारू, असं मित्र म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. आणखी एकदा निखळून हाड गेलं, तर आज टाक्यांवर भागणारं काम मोठ्या ऑपरेशनवर जाईल. धावणं मात्र डॉक्टर म्हणतील तेव्हा लगेच सुरू कर, तिथले गुण हातचे आहेत.

आणि मंडळातल्या सगळ्यांना सांग : मैदानावर कुणी खांदा ओढायचा नाही. हाड मोडलेलं असू शकतं, काखेजवळची नस आणि रक्तवाहिनी ओढली जाऊ शकते. हात आहे तसा धरून ठेवा, बर्फ लावा आणि एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, बँकेत नोकरी करतो. स्कूटरवरून पडून पहिल्यांदाच खांदा निखळला, तो बसवला. फिजिओथेरपीच्या वीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं आहे. गरज आहे का?

उत्तर : वीसची सरसकट गरज नाही. ब्रिटनमध्ये ४८२ जणांवर यासाठी एक मोठी चाचणी झाली, २०२४ साली तिचे निष्कर्ष आले. एका गटाला एकाच भेटीत नीट समजावून सल्ला आणि घरचे व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला त्याशिवाय पुढे फिजिओथेरपीही दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या खांद्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यांचं सरासरी वय तुमच्याच जवळपासचं होतं. तेव्हा एक सिटिंग मनापासून घ्या, व्यायाम करून दाखवा, चुका सुधारून घ्या आणि घरी रोज करा. दीड-दोन महिन्यांत हात पुढे येत नसेल, दुखणं वाढत असेल, तर मात्र पुन्हा जा. तेव्हा पैसे कारणी लागतील.

प्रश्न : माझं वय ५८. बाथरूममध्ये घसरून खांदा निखळला. दवाखान्यात बसवला, एक्स-रे चांगला आहे. पाच आठवडे झाले, पण हात स्वतःहून वर जात नाही. दुसऱ्या हातानं उचलला तर जातो. सुजेमुळे असेल, असं घरचे म्हणतात.

उत्तर : दुसऱ्या हातानं उचलल्यावर जातो, म्हणजे सांधा आखडलेला नाही. हात उचलणारं काहीतरी काम करत नाही. चाळिशीनंतर खांदा निखळताना खांद्याभोवतीचे स्नायुबंध फाटणं नेहमीचं आहे, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. फाटलेला स्नायुबंध वेळ जाईल तसा आत सरकतो, मग शिवायला अवघड होतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात फिरवून बघा. तिथे बधिर वाटत असेल तर नस दुखावलेली असू शकते. ती बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते, पण तपासून घ्यायला हवी. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन खांद्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. सूज उतरायची वाट बघत आणखी महिना घालवू नका.