वाचकांचे प्रश्न : सांभाळणाऱ्याच्या वाट्याला काय?

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक दिव्यांग व्यक्तींनी लिहिलेली नव्हती. त्यांना सांभाळणाऱ्या आई, वडील, भाऊ आणि नवऱ्यांनी ती लिहिली होती. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे आणि प्रमाणपत्रावर ९० टक्के दिव्यांगत्व लिहिले आहे. तो बसू शकत नाही, बोलू शकत नाही. भाकरी दुधात कुस्करून भरवते. घास घशाखाली उतरला की नाही हे त्याच्या गळ्यावर बोट ठेवून बघते आणि मगच दुसरा घास देते. रात्री दोनदा उठून कूस बदलावी लागते. पूर्वी मी शिवणकाम करत असे, ते सुटले. संजय गांधी योजनेचे पैसे मिळतात, पण मधे तीन महिने आले नाहीत म्हणून सरकारी कार्यालयात गेले आणि धीर करून विचारले की, त्याला चोवीस तास सांभाळणाऱ्यासाठी काही भत्ता असतो का. तिथले साहेब म्हणाले, "आईच ना तुम्ही? आईने नाही करायचे तर कोणी करायचे?" मला उत्तर सुचले नाही. पोटच्या पोराला सांभाळण्याचे पैसे मागणे चूक आहे का? असा भत्ता खरोखर आहे का?

उत्तर : ताई, चूक मुळीच नाही. तुम्ही मायेची किंमत मागितलेली नाही. ती माया निभावता यावी म्हणून तुमचे जे उत्पन्न, जी झोप आणि जी पाठ खर्ची पडली, त्याची दखल घ्या, एवढेच तुम्ही म्हणत आहात. गळ्यावर बोट ठेवून घास भरवण्याचे हेच काम एखाद्या वसतिगृहात पगारी मदतनीसाने केले, तर त्याला आपण नोकरी म्हणतो, त्यासाठी प्रशिक्षण लागते असे मानतो आणि आठवड्याची सुट्टीही देतो. तेच काम घरात आई करते, तेव्हा ते कामच उरत नाही, आणि त्या साहेबांच्या वाक्यातला अन्याय नेमका इथे आहे.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात काळजीवाहकाची व्याख्या दिली आहे : दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती, आणि त्यात आईवडील व कुटुंबातील इतर माणसे स्पष्टपणे येतात, मग त्यांना त्याचा मोबदला मिळो अथवा न मिळो. म्हणजे तुम्ही कोण आहात हे संसदेने लिहून ठेवले आहे. पुढे २४ व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या ज्या योजना सरकारने कराव्यात असे सांगितले आहे, त्यांत दिव्यांग निवृत्तिवेतन हा एक मुद्दा आहे आणि अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्ता हा दुसरा, स्वतंत्र मुद्दा आहे. एक मिळाले म्हणून दुसरे भागत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे तुमच्या मुलाच्या नावाने येतात आणि ते त्याच्या निर्वाहासाठी आहेत. तुमच्या श्रमांचा त्यात काही हिशेब नाही.

मात्र त्याच कलमात सरकारने हे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावे असेही शब्द आहेत, आणि भत्त्याचा मुद्दा कागदावर राहून जातो तो या शब्दांच्या आधाराने. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला घरी पूर्णवेळ सांभाळणाऱ्यासाठी तिच्यात दरमहा ६०० रुपये ठरवले आहेत. ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मी मान्य करतो. पण ती सांभाळणाऱ्याच्या कामासाठी म्हणून दिली जाते, आणि एका राज्याला हे तत्त्व मान्य करता आले असेल तर महाराष्ट्राला ते अशक्य आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. काळजीवाहक भत्त्याची योजना आखणे हे या विभागाचे पहिल्या काही कामांपैकी एक असायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुदानाच्या रकमेबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्तीला मिळणारे साहाय्य हे तशाच स्वरूपाच्या इतर योजनांतील साहाय्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे, असे २४ वे कलम सांगते. कारण उघड आहे : औषधे, डायपर, दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाचे भाडे हा खर्च इतर निराधार कुटुंबांच्या खर्चाच्या वर येतो. तरीही संजय गांधी योजनेत दिव्यांगांना आणि इतरांना कितीतरी वर्षे एकच रक्कम मिळत राहिली. दिव्यांगांची रक्कम १५०० वरून २५०० रुपये झाली ती ऑक्टोबर २०२५ पासून, आणि तीही आंदोलने व उपोषणे झाल्यानंतर. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत तर ८० टक्के दिव्यांगत्वाची अट असूनही १८ ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा आजही दरमहा ३०० रुपयेच आहे.

मला याहून जास्त खटकते ती उत्पन्नाची अट. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. पन्नास हजार म्हणजे दिवसाला १४० रुपयेही नाहीत. घरातील एकच माणूस वर्षभर नियमित मजुरीला गेला, तरी ते कुटुंब या रेषेच्या वर जाते. अशी अट ठेवली की दोनच गोष्टी होतात : प्रामाणिक माणूस योजनेबाहेर पडतो, नाहीतर त्याला खोटा दाखला काढायची वेळ येते. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उत्पन्नाची अट असूच नये, आणि ठेवायचीच असेल तर ती निदान अडीच लाखांच्या बरोबरीने आणावी, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

तुम्ही आता काय करावे? कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही, अधिक आधाराची गरज असल्याचा अर्ज करू शकते. तो लेखी करा, 'कलम २४ नुसार काळजीवाहक भत्ता मिळावा' असे त्यात स्पष्ट लिहा, एक प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला आणि एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आयुक्तांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली, तर त्या कार्यालयाने तीन महिन्यांच्या आत काय कारवाई केली ते कळवायचे असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचे असते. लगेच भत्ता सुरू होईल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण आज 'अशी मागणीच कोणाची आलेली नाही' असे म्हणण्याची सोय कार्यालयांना आहे, आणि ती सोय काढून घेणे आपल्या हातात आहे.

थकलेल्या तीन महिन्यांचे कारण तुमच्या पत्रातच दडलेले असावे. मुलाची मूठ उघडत नाही म्हणून आधारच्या यंत्रावर अंगठा जुळला नाही, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांच्या बाबतीत हे घडते. अशा व्यक्तीला कार्यालयात उचलून आणायला लावणे योग्य नाही. घरी येऊन पडताळणी करावी, अथवा चेहऱ्याची ओळख किंवा डोळ्यांची बुबुळे यांचा पर्याय वापरावा, असा लेखी अर्ज तहसीलदारांकडे करा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथेही तो मांडता येईल.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही. आमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या निधीची चौकशी केली, तर 'खर्च झाला' असे उत्तर मिळाले. नंतर कळले की गावातल्या सर्व दिव्यांगांना एकेक स्टीलचा डबा वाटला होता. या निधीतून आम्हाला दुसरे काही मागता येते का?

उत्तर : येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील, म्हणजे घरपट्टीसारख्या करांतून जमणाऱ्या रकमेतील, ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. नगरपालिका आणि महानगरपालिकांनाही ते लागू आहे. गेल्या तीन वर्षांत स्वउत्पन्न किती झाले, त्याचे ५ टक्के किती होतात आणि ते कशावर खर्चले, एवढे तीनच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर हातात आले की पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा.

डबा वाटण्यामागे वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. पण ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला डब्यापेक्षा हवेच्या गादीची गरज असते, कारण एकाच जागी दाब पडून पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, त्या त्याला जाणवत नाहीत, आणि त्या धुण्या-बांधण्याचे काम महिनोन्‌महिने तुमच्यावर किंवा वहिनींवर येते. तेव्हा मागणी अशी मोजून करा : हवेची गादी, डोके वर करता येणारी खाट, घराच्या उंबऱ्याला उतार, मोरीत धरायला दांडा. यांतली प्रत्येक वस्तू भावाचे जिणे सोपे करते आणि सांभाळणाऱ्याची कंबर वाचवते. गावात चार-पाच अशी कुटुंबे असतील तर मागणीवर सर्वांच्या सह्या घ्या.

प्रश्न : मी सेवानिवृत्त सरकारी कर्मचारी आहे, वय ७१. मुलगी ३८ वर्षांची, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली. पत्नीने गेल्या ११ वर्षांत घराबाहेर एक रात्रही काढलेली नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही ती जाऊ शकली नाही. आमच्यानंतर मुलीचे काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर : काका, दोन कामे आपल्या हयातीतच उरकून घ्या. पहिले, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. मुलीच्या नावाची व दिव्यांगत्वाची नोंद आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत झाली आहे का, ते कोषागारात जाऊन स्वतः पाहा. दुसरे, मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे, आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आज आपण दोघे पालक म्हणून नोंद करून घ्या आणि पुढे कोण, हेही नातेवाइकांशी उघड बोलून ठरवा. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि वयाची अटही नाही.

काकूंच्या ११ वर्षांविषयी मात्र माझ्याकडे असा सोपा अर्ज नाही. सांभाळणाऱ्याला चार दिवस विसावा मिळावा, तोवर मुलगी सुरक्षित आणि ओळखीच्या माणसांत राहावी, अशी अल्पकालीन निवासाची सोय मोजक्या शहरांत आहे आणि तीही बहुधा पालकांनीच उभ्या केलेल्या संस्थांमुळे. प्रत्येक तालुक्यात असे एक केंद्र असणे ही चैन नाही. आजारी पडल्यावर सांभाळणाऱ्याला रुग्णालयात दाखल होता यावे, एवढ्यासाठीही त्याची गरज आहे. आपल्या भागातील दिव्यांगांच्या शाळेतील पालकांना एकत्र करून आमदारांना आणि जिल्हा नियोजन समितीला ही मागणी द्या. मसुदा हवा असल्यास मी लिहून देईन.

प्रश्न : माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. मी खासगी कंपनीत काम करतो. तिला सांभाळण्यासाठी मला रजा किंवा कामाच्या वेळेत सवलत मागता येते का? 'बायको आजारी, तर माहेरून कोणाला बोलवा' असे वरिष्ठ म्हणाले.

उत्तर : मल्टिपल स्क्लेरोसिस हा २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे, त्यामुळे आधी पत्नीचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) काढून घ्या. ते असेल तर जुन्या करप्रणालीत ७५ हजार, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट तुम्हाला घेता येते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, म्हणून निवड करण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब मांडून पाहा.

रजेच्या बाबतीत खासगी क्षेत्रातील काळजीवाहकाला कायद्याचे संरक्षण नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला, तो दिव्यांग जोडीदार, अपत्य, आईवडील किंवा भावंडांचा मुख्य काळजीवाहक असल्यास, नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सहायक प्राध्यापिकेच्या प्रकरणात म्हटले. हे सारे सरकारी नोकरीपुरते आहे, आणि ते खासगी नोकरीपर्यंत आणण्यासाठी कामगार कायद्यात दुरुस्ती व्हायला हवी.

तुमच्या वरिष्ठांच्या मनात सांभाळ हे बायकांचेच काम आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेताना आढळल्या आणि पुरुष २१.४ टक्के, स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देत होत्या आणि पुरुष ७४. यात लहान मुलांचे संगोपनही धरलेले आहे. तुमच्यासारखे पुरुष थोडे आहेत, म्हणून तुमच्या अर्जाला वजन आहे. तो तोंडी न करता मनुष्यबळ विभागाला ईमेलने करा, प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि 'सवलत द्यावी' असे मोघम न लिहिता नेमके लिहा : आठवड्यातले कोणते दोन दिवस घरून काम, सकाळी किती वाजता हजेरी, आणि पत्नीच्या तपासणीच्या दिवशी अर्धी रजा.