स्टिअरिंग विकलं, नोटीस आली

प्रश्न : मी सांगलीत गाड्यांच्या सीटकव्हरचं काम करतो. कुर्ल्याहून २,५०० रुपयांना जुनं स्टिअरिंग आणलं, झिजलेलं चामडं काढून नवं शिवलं आणि ऑनलाइन जाहिरात देऊन पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला ७,००० रुपयांना विकलं. अशी आठ-दहा विकली आहेत. जाहिरातीत ‘जुनं, ओरिजिनल लेदर, एअरबॅगसह, नव्यासारखं’ असं होतं. आता वकिलाची नोटीस आलीय : एअरबॅगचा दिवा विझत नाही, १५ दिवसांत पैसे परत आणि ५०,००० भरपाई द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ आणि फसवणुकीची तक्रार करू. पार्सलात मी ‘जुन्या मालाला गॅरंटी नाही’ अशी चिठ्ठी घातली होती. उत्तर द्यावंच लागेल का?

उत्तर : द्या, आणि मुदतीच्या आत द्या. पण त्याआधी आजच गिऱ्हाइकाला फोन करून सांगा, गाडी चालवू नका.

तुम्ही पाठवलेला स्टिअरिंगचा फोटो मी मोठा करून पाहिला. टाके सुरेख आहेत, एका रेषेत. पण मागच्या पिवळ्या प्लगची एक कडी तुटलेली दिसते. तो प्लग एअरबॅगचा. चामड्यावरून भांडण झालं तर पैशांवर मिटेल, एअरबॅगमध्ये माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. दिवा पेटलेला असेल तर अपघातात ती उघडेलच याचा भरवसा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८६ नुसार विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि तोच इजेचं मुख्य कारण ठरला, किंवा जोडणी-तपासणीत वाजवी काळजी घेतली नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. अजून कुणाला इजा झालेली नाही, म्हणून हे कलम आज तुम्हाला लागत नाही. उद्याचं सांगता येत नाही.

चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका. पैसे घेतल्यावर पार्सलातून निघालेली अट गिऱ्हाइकाने मान्य केली असं म्हणता येत नाही. शिवाय माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, हे मालविक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. ‘एअरबॅगसह’ याचा अर्थ कुणीही चालणारी एअरबॅग असाच घेईल. ‘ओरिजिनल लेदर’ म्हणजे तुमच्या मनात अस्सल चामडं, त्याच्या मनात कंपनीचं. हा शब्द तुम्हाला अडचणीचा आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही ‘जुनं’ लिहिलंत, ते तुमच्या बाजूचं.

सात हजारांसाठी कोण कोर्टात जाणार, असं समजू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी नाही, आणि तो पुण्यातच तक्रार करू शकतो. आठ-दहा विक्री झाल्यात, त्यामुळे ‘मी व्यापारी नाही’ हेही टिकायचं नाही.

फसवणुकीच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो. स्वतःहून पैसे परत करणाऱ्याविरुद्ध तो दाखवणं अवघड.

माझा सल्ला : ७,००० बँकेतून परत करा, काढण्या-बसवण्याचा खर्चही द्या. ५०,००० ची मागणी नाकारा. उत्तरात ‘कोणताही दोष कबूल न करता’ हे शब्द घाला, स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. पैसे देताना ‘आता कोणतीही मागणी उरली नाही’ असं सहीनिशी लिहून घ्या. स्टिअरिंग सर्व्हिस सेंटरमध्येच काढून घ्या आणि स्वतः जाऊन आणा. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं, ती साध्या कुरिअरने परत मागवू नका.

कुर्ल्याच्या मालाची पावती आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर विकणाऱ्याकडून तारीख, गाडीचं मॉडेल आणि त्याचं नाव लिहून घ्या. माल चोरीच्या गाडीचा निघाला तर न्याय संहितेच्या कलम ३१७ (चोरीचा माल) खाली चौकशी होते, आणि तिथे पहिला प्रश्न पावतीचाच असतो.

यापुढे स्टिअरिंग एअरबॅग न लावता विका. तुमचं कसब शिवणकामात आहे, त्याचेच पैसे घ्या. जाहिरातीत लिहा : ‘जुनं स्टिअरिंग, नवं चामडं आम्ही शिवलेलं, एअरबॅग नाही.’