लेकीला जेलमधल्या कच्च्या कैद्यांसाठी काम करायचंय, करिअरचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या लीगल एड सेलबरोबर (मोफत कायदेशीर मदत करणारा गट) जेलमधे जाऊन आली आणि तेव्हापासून मला हेच काम करायचं म्हणून बसलीय, आणि घरचे म्हणतात गुन्हेगारांच्या नादी कशाला लागते, गपचूप जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायच्या परीक्षेची तयारी कर. काळजी वाटणारच. पण आधी जेलमधे नेमकं कोण आहे ते बघा.

एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्ह्यांची नोंद ठेवणारा विभाग) आकड्यांप्रमाणे २०१० ला देशात जवळपास ३ लाख ६९ हजार कैदी होते, २०२२ ला ५ लाख ७३ हजार. यात शिक्षा झालेले कितीने वाढले? सव्वा लाखाचे १ लाख ३३ हजार झाले, बस्स. बाकी जवळजवळ सगळी वाढ कच्च्या कैद्यांची, २ लाख ४० हजारांवरून थेट ४ लाख ३४ हजार. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून कोर्टात सिद्धच झालेला नाही अशी माणसं. आपल्याकडेही तेच, मुंबईच्या आर्थर रोड जेलची क्षमता हजाराच्याही आतली आणि आत तीन-तीन हजार माणसं. त्यांचं जेवण, औषधपाणी, तारखेला न्यायला पोलीस गार्ड हा खर्च सरकार करतं म्हणजे आपणच करतो. घरच्यांचा खर्च मात्र कुठल्याच बजेटमधे येत नाही, कमावता माणूस आत आणि बायको रोजंदारी बुडवून एसटीने जेलमधे भेटायला येते, वर वकिलाची फी वेगळीच.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांचा. ऑर्डर हातात असते पण पंधरा हजार भरायला नाहीत, जामीनदार मिळत नाही, मिळाला तर त्याची सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, तहसीलमधे अडकलेली. १९७८ मधे मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येणार नाही, तरी आजही लोकल जामीनदार आणा म्हणतातच. केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळते. बीएनएसएसच्या (नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ मधे आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सोडायची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून). कायदा आहे, पैसेही आहेत, पण एकेका माणसाची फाईल काढून तारखा मोजणारं, अर्ज लिहिणारं, घरच्यांना फोन लावणारं माणूस कमी पडतं. तुमच्या लेकीला हे काम करायचंय, आणि यात कोणाचा गुन्हा झाकणं वगैरे काही नाही.

आता पोटापाण्याचं. नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यात गरीब आरोपींना मोफत वकील देणारी लीगल एड डिफेन्स काउन्सेल ऑफिसेस सुरू केलीत, त्यात असिस्टंटच्या पोस्टला नवीन वकीलही चालतात. काम करारावर, मानधन बेताचं, हे मी लपवणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे मुंबईच्या टिसमधे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचं एमए सोशल वर्क, त्यांचा प्रयास प्रकल्प १९९० पासून याच क्षेत्रात आहे. पण माझं मत विचाराल तर आधी सनद (वकिलीचा परवाना) घेऊन प्रॅक्टिस करावी, अर्ज स्वतःच्या सहीने कोर्टात टाकता येतो त्याचं वजन वेगळं. आणि जेएमएफसीसाठी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मधे तीन वर्षांची प्रॅक्टिस परत सक्तीची केलीय, म्हणजे तिला तसंही कोर्टात उभं राहायचंच आहे, ती वर्षं क्रिमिनल साइडला जाऊ द्या. पुढे जज व्हायचं ठरवलंच तर रिमांडच्या, म्हणजे कोठडीत पाठवायच्या कागदावर सही करताना समोरच्या माणसाचं घर तिला माहीत असेल.

तिला सनद मिळाली की कुठल्या जिल्ह्यात राहणार ते कळवा, तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणाला भेटायचं, अर्ज कसा करायचा ते सांगते. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.