बसता-उठता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई ७२ वर्षांची. रोज कमाटीबागेत फिरते, तरी उठताना हाताचा टेका लागतो. चालणं पुरत नाही का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : चालण्यानं दम टिकतो, मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही. सोफ्यावर पारखू नका, तो खोल असतो. १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, शेजारी थांबून. या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त. सरावाला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा; एकाआड दिवस ८-१० वेळा. बसताना तीन अंक मोजत सावकाश. धप्पकन बसलं की निम्मा व्यायाम वाया! गुडघा दुखला तर आधी डॉक्टर. आणि ताकदीला खाणंही लागतं, म्हणून संध्याकाळी नुसत्या चहा-खाखऱ्यावर भागवू नका.